रवींद्रनाथांची शाळा, तांड्यावरची शाळा

श्याम नावाचा एक नोकर होता. कलकत्त्याच्या जोरासांकोत ठाकुरांचा भला मोठा वाडा, आणि त्या वाड्यातली लहान मुलं नोकरांच्या ताब्यात. त्यांतल्या रवीला, म्हणजे पुढच्या रवींद्रनाथ टागोरांना, सांभाळायचं काम श्यामकडं. त्याला दुसरं काम निघालं की तो रवीला एका जागी बसवायचा, भोवती खडूनं रिंगण काढायचा आणि बोट उगारून बजावायचा, याच्या बाहेर पाय टाकलास तर खैर नाही. रवीला रामायणातली सीतेची गोष्ट माहीत होती. रेघ ओलांडल्यावर तिचं काय झालं ते ठाऊक असल्यामुळं तो गुमान बसून राहायचा. खिडकी जवळ होती, तेवढंच नशीब. खाली तळं आणि घाट, पूर्वेच्या भिंतीला लागून वड, दक्षिणेला नारळींची रांग. शेजारपाजारचे लोक सकाळपासून अंघोळीला यायचे. कुणी कानांत बोटं घालून भराभर बुड्या मारी आणि निघून जाई, कुणी वरच्या पायरीवरून धाडकन उडी टाकी. एकेकाची तऱ्हा त्या पोरानं पाठ करून ठेवली होती. मोठेपणी आठवणी लिहिताना त्यांनी ती जशीच्या तशी मांडली.

मी शिक्षिका आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातला एक तांडा, तिथं जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, चौथीपर्यंत. आपल्याकडं रवींद्रनाथ म्हटलं की पांढरी दाढी, नोबेल आणि राष्ट्रगीत. सात मेला त्यांची जयंती, तेव्हा उन्हाळी सुट्टी लागलेली असते, म्हणून शाळेत फोटोला हारसुद्धा पडत नाही. मला त्यांची ओढ लागली ती कवितांपेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीमुळं. ज्या मुलाला शाळा सोसली नाही, त्यानं चाळिशीत स्वतःची शाळा काढली आणि मरेपर्यंत तिच्यात जीव गुंतवला. शिक्षणावर पुस्तकं लिहिणारे पुष्कळ आहेत. लहानपणी बाकावर बसून आपल्याला काय वाटत होतं, हे साठीनंतरही लख्ख आठवणारा शिक्षक मला दुसरा माहीत नाही. शिक्षक म्हणून त्यांचं मोठेपण मी त्यात बघते.

त्यांच्या शाळेच्या आठवणी मी पुन्हा पुन्हा वाचते. थोरला भाऊ आणि भाचा शाळेत जायला लागले तेव्हा मलाही पाठवा म्हणून रवीनं रडून घर डोक्यावर घेतलं. घरच्या मास्तरांनी एक थोबाडीत दिली आणि सांगितलं, आज शाळेत जायला रडतोयस, उद्या शाळेतून सुटायला याच्या दुप्पट रडशील. रवींद्रनाथ लिहितात, एवढं अचूक भाकीत आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. ओरिएंटल सेमिनरीत पाठ आला नाही की मुलाला बाकावर उभं करायचे, हात पसरायला लावायचे आणि हातांवर पाट्या रचायचे. नॉर्मल स्कूलमध्ये एक मास्तर इतकी घाण भाषा वापरायचे की रवीनं त्यांच्या एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आणि वर्षभर वर्गात शेवटचा बसला. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या पंडितांनी बंगालीची परीक्षा घेतली, तेव्हा तोच पोरगा पहिला आला!

त्याच शाळेत वर्ग सुरू होण्याआधी सगळ्या मुलांना ओळीनं बसवून इंग्रजी गाणं म्हणायला लावत. मुलांच्या तोंडात त्याचं काय झालं होतं बघा : 'कलोकी पुलोकी सिंगिल मेलालिंग मेलालिंग मेलालिंग'. मोठेपणी त्यांनी पुष्कळ डोकं लावलं. शेवटचे शब्द 'सिंगिंग मेरिली' असणार हे लक्षात आलं, पण 'कलोकी' काय होतं ते काही केल्या उलगडलं नाही. आनंदानं गाऊ या, असं ज्या गाण्यात म्हटलंय त्यातलं अक्षरही मुलांना कळत नव्हतं. आमच्या तांड्यावरची पहिलीची लेकरं पावसाची इंग्रजी कविता हातवारे करून ठसक्यात म्हणतात. अधिकारी आले की टाळ्या पडतात. पावसानं इथून निघून जावं अशी विनवणी त्या कवितेत आहे. जून कोरडा गेला की ज्यांचे आईबाप आभाळाकडं डोळे लावून बसतात, त्या लेकरांच्या तोंडी ही विनवणी. ती कविता मी आता घेत नाही. 'येरे येरे पावसा' पुरतं.

घरी व्हरांड्यात रवीनं स्वतःची शाळा भरवली होती. कठड्याचे लाकडी गज हे विद्यार्थी, हातात छडी घेऊन तो मास्तर. हुशार गज कोणते, मठ्ठ कोणते हेही ठरलेलं. मठ्ठ गजांना इतका मार बसायचा की जीव असता तर तो देऊन ते सुटले असते. पुढं त्यांनी लिहिलंय की मास्तरांची विद्या यायला वेळ लागतो. त्यांचा उतावीळपणा, राग आणि पक्षपात मात्र मूल काही कष्ट न घेता उचलतं. हे वाचल्यापासून मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली मुली 'शाळा शाळा' खेळतात तिकडं माझं लक्ष असतं. खेळातली बाई फळ्याकडं तोंड करून बोलते का, कुणाला बोट दाखवते, कुणाचं नावच घेत नाही. माझ्या शिकवण्याचा खरा अहवाल मला तिथं मिळतो.

या सगळ्या काळोखात दोन माणसं त्यांना आयुष्यभर आठवली. सेंट झेवियर्समध्ये फादर दे पेनेरांडा नावाचे स्पॅनिश पाद्री काही दिवस बदली शिक्षक म्हणून शिकवायला होते. मुलं लिहीत होती, रवीचं पेन नुसतं हातात होतं. फादर मागं येऊन थांबले, वाकले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, टागोर, तुला बरं वाटत नाही का? एवढंच. कितीतरी मास्तरांच्या हाताखालून ते गेले, आणि आठवणीत घर करून राहिला तो हा एक प्रश्न. दुसरे त्यांचे वडील, देवेंद्रनाथ. १८७३ साली मुंजीनंतर त्यांनी मुलाला हिमालयाच्या प्रवासाला सोबत नेलं. वाटेत बोलपूरजवळ, शांतिनिकेतनच्या माळावर मुक्काम होता. लाल मातीची, पावसानं चिरत गेलेली ती जमीन. अकरा-बारा वर्षांचा रवी तिथल्या घळींतून रंगीत खडे गोळा करून आणायचा. देवेंद्रनाथ म्हणाले नाहीत की हे काय कचरा आणतोस. किती सुंदर, कुठं मिळाले तुला, असं विचारलं. सोन्याचं घड्याळ किल्ली द्यायला त्याच्याकडं सोपवलं. त्यानं इतकी किल्ली दिली की ते दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावं लागलं. तरी विश्वास कमी झाला नाही.

त्याच माळावर २२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. विद्यार्थी पाच, त्यांतला एक त्यांचा स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. पैसा नव्हता. पुरीचं घर विकलं. पत्नी मृणालिनीदेवींचे दागिने गेले. या बाईंबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून मी मुद्दाम लिहिते. ठाकुरांच्याच जमीनदारीत काम करणाऱ्या माणसाची ही मुलगी, नऊ-दहा वर्षांची असताना एवढ्या बड्या घरात सून म्हणून आली. माहेरचं नाव भवतारिणी, तेही सासरी बदललं. आश्रम निघाल्यावर कलकत्त्याचा संसार सोडून ती त्या उजाड माळावर आली आणि परक्यांच्या पोरांना हातानं रांधून घालू लागली. शाळेला वर्ष व्हायच्या आत, नोव्हेंबर १९०२ मध्ये ती गेली. तिशीसुद्धा गाठली नव्हती. पुढच्या वर्षी मधली मुलगी रेणुका गेली. १९०५ मध्ये वडील. १९०७ मध्ये धाकटा शमी, तो कॉलऱ्यानं. इतकं झाल्यावर कुणी शाळा बंद केली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी बंद केली नाही.

शाळा कशी होती? वर्ग झाडाखाली भरायचे. प्रत्येक मुलाचं स्वतःचं आसन, ते उचलायचं आणि जायचं. साप्ताहिक सुट्टी बुधवारी. जगदानंद राय विज्ञान शिकवायचे आणि रात्री मुलांना दुर्बिणीतून तारे दाखवायचे. मुलांच्या चुकांचा निवाडा मुलांचीच सभा करायची. संगीत शिकवायला आपले भीमराव शास्त्री होते. १० मार्च १९१५ ला गांधीजींच्या सांगण्यावरून आश्रमातल्या सगळ्यांनी स्वयंपाक, झाडलोट, भांडी स्वतः केली. तो दिवस तिथं अजून गांधी पुण्याह म्हणून पाळतात, नोकरांना सुट्टी असते.

आपल्याकडं मुलं झाडाखाली बसलेली दिसली की पेपरात फोटो येतो आणि खाली 'शाळेची दुरवस्था' असा मथळा. तो फोटो यायलाच हवा. ज्या पोरांना न गळणारी खोली मिळालेली नाही त्यांना झाडाचं कौतुक सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. आधी खोल्या, मग झाड. पण खोल्या झाल्यावर झाड विसरून जायचं का? आमच्या दोन्ही खोल्या आता नीट आहेत, आणि तरी परिसर अभ्यास मी ओढ्याच्या काठावर घेते. मार्चनंतर ओढा आटतो तेव्हा भूजल हा धडा पात्रातल्या झिऱ्यावर शिकवते. ओंजळभर पाणी साचायला किती वेळ लागतो हे पोरं स्वतः बसून बघतात.

एक खटकणारी गोष्टही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत आश्रमात जात पाळली जायची. ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया ब्राह्मण मुलांनी पडावं की नाही असा प्रश्न निघाला तेव्हा रवींद्रनाथांनी रूढीच्या बाजूनं कौल दिला. फुले-आंबेडकरांच्या मुलखात शिकवणाऱ्या बाईला हे टोचतं, टोचायलाच हवं. पुढं ते बदलले आणि उघडपणे बदलले. शाळेतली ही बंधनं गेली, मुली आल्या, परधर्माचे आणि परदेशचे लोक आले, १९२१ मध्ये विश्वभारती विद्यापीठ झालं. 'चंडालिका' हे अस्पृश्य मुलीवरचं नाटक लिहिणारा माणूस १९०२ च्या त्या माणसापासून फार लांब आलेला होता. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी हा प्रवासही मुलांना सांगावा.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते श्रीनिकेतन. ते स्वतः जमीनदार. १८९० नंतर पद्मेच्या काठच्या शिलाईदहला आणि पतिसरकडं जमीनदारी बघताना त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी जवळून पाहिला. इतर बडी घरं पोरांना बॅरिस्टर करायला विलायतेला धाडत होती, तेव्हा त्यांनी १९०६ मध्ये रथींद्रनाथला अमेरिकेत, इलिनॉयला शेती शिकायला पाठवलं. सावकारी पाशातून कुळांना सोडवायला पतिसरला कृषी बँक काढली आणि १९१३ च्या नोबेलचे पैसे तिच्यात घातले. कर्जं थकली, पैसा परत आला नाही. आमच्या भागात ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात, ती फिटली नाही की पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाबरोबर जावं लागतं. जगातल्या सर्वांत मोठ्या वाङ्मयाच्या बक्षिसाची रक्कम एका कवीनं कुळांच्या कर्जासाठी लावली, ही बातमी आमच्या तांड्यावरच्या कुठल्याही माणसाला एका वाक्यात समजते.

१९२२ मध्ये लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रज शेतीतज्ज्ञाला सोबत घेऊन शांतिनिकेतनजवळ सुरुलला ग्रामसुधारणेचं काम सुरू झालं, तेच श्रीनिकेतन. मलेरिया हटवायचा, विणकाम, कातडीकाम, आरोग्याच्या सहकारी संस्था. आणि १९२४ मध्ये शिक्षासत्र. शांतिनिकेतनची शाळा एव्हाना शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांची झाली होती, पालकांना परीक्षा आणि पदव्या हव्या होत्या. हे रवींद्रनाथांना सलत होतं. म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरीब मुलांसाठी ही निराळी शाळा काढली, हातानं काम करत शिकण्याची. स्वतःच्याच गाजलेल्या शाळेवर समाधानी न राहता साठीनंतर दुसरी काढणं सोपं नसतं.

आता भाषेचं. १८९२ सालच्या एका निबंधापासून अखेरपर्यंत ते एकच सांगत राहिले, मुलाला त्याच्या आईच्या भाषेत शिकवा. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमात सुरू झालं तेव्हा इंग्रजीचं जोखड गेलं म्हणून त्यांनी मनापासून स्वागत केलं होतं. निजामानं विश्वभारतीला एक लाखाची देणगीही दिली. पण तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि बीडच्या, परभणीच्या पोरांना उर्दूही तितकीच परकी. माझे आजोबा वरच्या वर्गांत उर्दूतून शिकले. अक्षर मोत्यासारखं, पण मराठीत कागद लिहायचा झाला की दुसऱ्याला हाक मारायचे. आपल्या भाषेत, आपल्या मातीतलं शिक्षण मिळावं या ओढीनंच १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक झाले. गंमत बघा, शांतिनिकेतनचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं तो दिवस १७ सप्टेंबर २०२३. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन! त्या सकाळी आम्ही झेंडावंदन केलं, त्यांचंच गीत म्हटलं.

मग तांड्यावरच्या लेकराचं काय? ते घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतं. आईला याडी म्हणतं. पहिलीच्या वर्गात बसलं की समोरची मराठी त्याला आजोबांच्या उर्दूइतकीच लांबची. रवींद्रनाथांचं म्हणणं मी मानते म्हटल्यावर ते मराठीवरही लागू करावं लागतं, इंग्रजीवर आणि उर्दूवर लावून थांबता येत नाही. म्हणून पहिलीत मी आधी गोरमाटीत बोलते, पोरांकडूनच शिकलेली. आज्या सांगतात त्या गोष्टी देवनागरीत लिहून भिंतीला लावल्यात. दिवाळीपर्यंत लेकरं त्यांवरून बोट फिरवत वाचतात आणि मराठीत आपसूक उतरतात.

दसऱ्यानंतर मात्र वर्ग अर्धा होतो. आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, बरीच लेकरं सोबत, काही आजी-आजोबांपाशी मागं. गेल्या हिवाळ्यात मागं राहिलेल्या तिसरी-चौथीला मी रवींद्रनाथांची 'छुट्टी' ही गोष्ट सांगितली. फटिक नावाचा खेड्यातला दांडगा पोरगा. मामा त्याला शिकायला कलकत्त्याला घेऊन जातो. मामीला तो नकोसा, शाळेत मार, पुस्तक हरवतं. तो मामाला विचारतो, मी आईकडं कधी जाऊ? मामा म्हणतो, सुट्टी लागू दे. सुट्टी लांब असते. पावसात, तापात तो एकटाच घराकडं निघतो, पोलीस परत आणून सोडतात. आई पोचते तेव्हा तो म्हणतो, आई, आता माझी सुट्टी झाली.

मी थांबले. वर्गात कुणी रडलं नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, मामानं त्याला तारीख सांगायला पायजे होती." दुसरा म्हणाला, "आमाला पण म्हणत्यात पट्टा पडला की येतो. पट्टा कदी पडतो ते कोण सांगत नाही." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं. त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. त्या दुपारी आम्ही फळ्यावर प्रत्येकाचे आईबाप कोणत्या कारखान्याला आहेत ते लिहिलं, नकाशात ती गावं शोधली, आणि फोनवर बोलून गाळप कधीपर्यंत चालेल याचा अंदाज विचारून घेतला. भूगोल, गणित, पत्रलेखन, सगळं त्यातून झालं. १८९२ मध्ये लिहिलेली बंगाली गोष्ट, आणि तिच्यातल्या मामाचं चुकलं कुठं हे नेमकं या लेकरांनी दाखवलं : मामानं तारीख सांगायला हवी होती.

यंदा रवींद्रनाथांचं 'डाकघर' हे नाटक बसवतोय. आजारी अमल खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट बघतो. वॉर्साच्या ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून हे नाटक जुलै १९४२ मध्ये करवून घेतलं होतं. तीन आठवड्यांच्या आत त्या मुलांना आणि त्यांना ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीकडं नेलं. हे मी मुलांना सांगितलेलं नाही. मोठी झाली की वाचतील.

तालमी शाळा सुटल्यावर. दहीवाल्याची आरोळी कशी असावी यावर दोन दिवस वाद झाला, शेवटी ती गोरमाटीत ठरली. फुलं वेचणाऱ्या सुधाचं शेवटचं वाक्यही गोरमाटीतच. गावच्या मुखियाचं काम कुणाला नको होतं, ते एका मुकादमाच्या नातवानं स्वतः मागून घेतलं आणि आजोबांचा फेटाही आणला. प्रयोग सात ऑगस्टला, त्यांच्या पुण्यतिथीला, संध्याकाळी सातनंतर ठेवलाय. तेव्हा सगळे आईबाप खुरपणीवरून घरी आलेले असतात. जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांना यायचं असेल तर आधी कळवा, सतरंज्या शेजारच्या वस्तीवरून आणाव्या लागतात.